मातेचा शोक आणि राज्यसंस्थेची नोंदवही

सप्टेंबर २०२२ मध्ये रशियन सैन्य युक्रेनमधील इझ्युम शहरातून मागे हटले, तेव्हा शहराबाहेरील पाइनच्या जंगलात शेकडो थडगी आढळली. त्यांतील अनेक लाकडी क्रुसांवर नाव नव्हते, केवळ क्रमांक होता. क्रमांक ३१९ च्या थडग्यातील देह व्होलोदिमिर वाकुलेंको या बालसाहित्यकाराचा व कवीचा आहे, हे नोव्हेंबरमध्ये डीएनए तपासणीनंतर सिद्ध झाले. पकडले जाण्यापूर्वी त्याने आपली रोजनिशी घरामागील चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. त्याच्या वडिलांच्या साहाय्याने ती उकरून काढली व्हिक्टोरिया अमेलिना या लेखिकेने. आणि ती स्वतःही क्रामातोर्स्क येथील क्षेपणास्त्र हल्ल्यात जखमी होऊन १ जुलै २०२३ रोजी मृत्यू पावली. मधल्या काळात मुलाचा ठावठिकाणा विचारीत फिरणाऱ्या आईवडिलांच्या हाती एक क्रमांक आला आणि त्या क्रमांकाचे पुन्हा नाव व्हावयास अनेक आठवडे लागले.

आधुनिक युद्धाचे सारे स्वरूपच या घटनेत सामावले आहे. युद्ध करणारी राज्यसंस्था माणसांची मोजदाद करते. तिला ती करावीच लागते. लक्षावधींचे सैन्य मोजदादीवाचून चालत नाही. परंतु आईच्या हिशेबात बेरीज नसते. एका मुलाच्या जागी दुसरा मुलगा, अथवा मुलाच्या जागी मानपत्र किंवा निवृत्तिवेतन, असा विनिमय तेथे संभवत नाही. राज्याच्या वहीतील संख्या आणि आईच्या मनातील नाव यांमधील हे अंतर हाच गेल्या शतकातील युद्धकवितेचा एक प्रमुख विषय होऊन बसला आहे. मात्र त्याची चर्चा करताना एक साधा प्रश्न बहुधा विसरला जातो. या कवितेत आईचा म्हणून जो आवाज ऐकू येतो, तो खरोखर कोणाचा?

विदुला आणि गांधारी

हा प्रश्न भारतीय वाचकाला सर्वस्वी नवा नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला पराभूत होऊन परतलेल्या आपल्या पुत्राची निर्भर्त्सना करते आणि त्याला पुन्हा रणात धाडते. त्याच महाकाव्याच्या स्त्रीपर्वात गांधारी शंभर पुत्रांच्या प्रेतांमधून वाट काढीत जाते आणि अखेरीस साक्षात श्रीकृष्णाला शाप देते. पुत्राला रणात पाठविणारी माता आणि रणानंतर जाब विचारणारी माता, ही दोन रूपे व्यासांनी शेजारी शेजारी ठेवली. पुढील काळातील राज्यकर्त्यांनी यांतली विदुला तेवढी उचलली, कारण ती सोयीची होती. ‘वीरमाता’ हा शब्द आपल्या सरकारी परिपत्रकांतही रुळला आहे. गांधारीसाठी मात्र कोणत्याही परिपत्रकात शब्द नाही.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. १९१६ साली ‘मॉर्निंग पोस्ट’ या लंडनच्या दैनिकात ‘एक छोटी आई’ अशा सहीने एक पत्र प्रसिद्ध झाले. एकुलते एक पुत्र रणांगणास पुरविणे हे मातांचे कर्तव्यच आहे आणि शांततावाद्यांनी मातांच्या अश्रूंचे भांडवल करू नये, असा त्याचा आशय होता. पत्राची पुस्तिका निघाली आणि आठवड्याच्या आत तिच्या ७५,००० प्रती खपल्या. पुढे १९२९ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने आपल्या आत्मचरित्रात ते पत्र जसेच्या तसे उद्धृत केले. वेगळे भाष्य करण्याची गरज त्याला वाटली नाही, यातच सर्व आले. ते पत्र खरोखर एखाद्या आईने लिहिले की प्रचारखात्याच्या एखाद्या कारकुनाने, हा प्रश्न येथे गौण ठरतो. मातेचा आवाज हे युद्धकाळात किती मोलाचे साधन असते, हे त्या खपावरून ध्यानी येते.

खंदकांतून आलेल्या कवींनी या साधनाचा प्रतिवाद केला. परंतु त्यांचाही रोख पुष्कळदा मातांवरच राहिला. सिगफ्रीड ससूनच्या ‘द हिरो’ या कवितेत एक अधिकारी मृत सैनिकाच्या आईला तिच्या मुलाच्या शौर्याची खोटी हकीकत सांगतो आणि ती कृतार्थ होते. प्रत्यक्षात मुलगा भेदरलेल्या अवस्थेत मेलेला असतो. कविता प्रभावी आहे यात शंका नाही. पण तिच्यातील आई भोळी आहे आणि सत्य पुरुषांच्या जवळ आहे. तिला सत्य सांगितले असते तर ती काय बोलली असती, हे कवीने विचारलेले नाही.

आयर्लंडमधील उदाहरण तर याहून विलक्षण आहे. १९१६ च्या ईस्टर उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स याने देहदंडापूर्वी ‘द मदर’ ही कविता आपल्या आईच्या मुखी घालून लिहिली. त्याला ३ मे रोजी आणि त्याचा भाऊ विली याला ४ मे रोजी गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या मागे आईने कसा शोक करावा, किती अभिमान बाळगावा आणि किती रडावे, याचा मसुदाच जणू मुलाने आगाऊ लिहून ठेवला. त्यामागील प्रेम खरे होते. तरीही एका स्त्रीचा शोक तिच्यावर कोसळण्यापूर्वीच दुसऱ्याच्या हाताने लिहिला गेला, हे नाकारता येत नाही. मार्गारेट पिअर्स पुढे १९२१ मध्ये आयरिश प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या आणि तेथे त्यांनी आपल्या पुत्रांच्या नावाने इंग्लंडबरोबरच्या तहाला विरोध केला. मुलाने लिहून ठेवलेल्या भूमिकेतून बाहेर पडण्याची वाट त्यांच्यासाठी उरली होती काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

स्त्रियांनी स्वतः लिहिले नव्हते असे मात्र मुळीच नाही. कॅथरिन रायली या ग्रंथपाल विदुषीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत पहिल्या महायुद्धावर लिहिणाऱ्या २,२२५ ब्रिटिश कवींची नोंद आहे. त्यांपैकी ५३२ स्त्रिया आहेत. म्हणजे दर चार कवींमागे जवळजवळ एक स्त्री. तरीही या स्त्रियांच्या कवितांचे स्वतंत्र संकलन त्याच संपादिकेने १९८१ साली काढीपर्यंत अभ्यासक्रमांत आणि निवडक संग्रहांत त्यांचा जवळपास मागमूस नव्हता. ज्याने गोळी झेलली त्यालाच युद्धावर बोलण्याचा अधिकार, अशी एक अलिखित अट वाङ्मयाच्या बाजारपेठेत रूढ झाली होती. त्या अटीने पुरवठा होता तेथेच राहिला. आटली ती फक्त मागणी.

एका प्रश्नचिन्हाची किंमत

या पार्श्वभूमीवर सुझन ओवेन या स्त्रीची हकीकत मुद्दाम पाहण्याजोगी आहे. तिचा मुलगा विल्फ्रेड हा त्या युद्धाचा बहुधा सर्वश्रेष्ठ इंग्रज कवी. त्याची साडेसहाशेहून अधिक पत्रे उपलब्ध असून त्यांतील बहुसंख्य आईला लिहिलेली आहेत. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, फ्रान्समधील साम्ब्र-वाझ कालवा ओलांडताना तो मारला गेला. एका आठवड्याने युद्ध थांबले. ११ नोव्हेंबर रोजी श्रूजबरी गावात विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या मृत्यूची तार आईच्या हाती पडली.

१९२० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर इंग्लंडमध्ये आले असता या बाईंनी त्यांना एक पत्र पाठविले. अखेरचा निरोप घेताना आपल्या मुलाने ‘गीतांजली’मधील शब्द उच्चारले होते आणि पुढे त्याची छोटी वही परत आली तेव्हा तेच शब्द त्यात त्याच्या हस्ताक्षरात सापडले, असे त्यांनी कळविले. ती संपूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल, एवढेच त्यांचे विचारणे होते. इंग्लंडमधील एका गावातील आई आपल्या मुलाचे शेवटचे शब्द शोधीत एका भारतीय कवीपर्यंत येऊन पोहोचते. पराधीन देशाचा कवी आणि राज्यकर्त्या देशाची माता यांच्यातील हा पत्रव्यवहार साम्राज्याच्या इतिहासात कोठेच बसत नाही.

परंतु सुझन ओवेनचे खरे लेखन तिच्या मुलाच्या थडग्यावर आहे. त्यामागील व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्ध-समाधी आयोगाने प्रत्येक थडग्यावर एकाच आकाराची शिळा बसविण्याचे धोरण ठरविले. अधिकारी आणि शिपाई, सरदार आणि मजूर यांत भेद करावयाचा नाही; कोणाचाही देह मायदेशी न्यावयाचा नाही. या निर्णयाविरुद्ध मोठे काहूर उठले. तीन पुत्र गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी हजारो सह्यांचे निवेदन सादर करून निदान क्रुसाच्या आकाराची शिळा तरी मिळावी अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. मे १९२० मध्ये पार्लमेंटात यावर चर्चा होऊन आयोगाचे धोरण कायम राहिले.

धोरणाची दुसरी बाजूही येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. देह परत आणण्यास मुभा असती तर श्रीमंतांचे पुत्र घरी आले असते आणि गरिबांचे फ्रान्समध्येच राहिले असते. मृत्यूनंतरची समता हवी असेल तर काही मातांना ‘नाही’ म्हणणे अपरिहार्य होते. ते करताना आयोगाने कुटुंबांना एक छोटी जागा मोकळी ठेवली: शिळेच्या तळाशी जास्तीत जास्त ६६ अक्षरांचा मजकूर. त्याचे मूल्य अक्षरामागे साडेतीन पेन्स. म्हणजे सगळी जागा वापरली तर जवळजवळ एक पौंड. पुढे ही आकारणी ऐच्छिक करण्यात आली. न्यूझीलंडने तर सर्वांना सारखी वागणूक मिळावी म्हणून असा मजकूरच नाकारला. शोकाला अक्षरागणिक दर लावला गेल्याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. पण ते तेथे असावयास हवे होते.

सुझन ओवेनने त्या जागेसाठी मुलाच्याच ‘द एंड’ या कवितेतील शब्द निवडले. ती कविता संशयाची आहे. मृतदेहांना पुन्हा जीवन मिळेल काय, मृत्यू खरोखर पुसला जाईल काय, असे कवी तीत विचारतो आणि पुढे काळ व धरती यांच्याकडून त्याला मिळणारे उत्तर निराशेचे आहे. आईने दुसऱ्या प्रश्नाचा पूर्वार्ध घेतला, उत्तरार्ध सोडला आणि त्याबरोबर प्रश्नचिन्हही गेले. परिणामी मुलाची शंका आईच्या शिळेवर श्रद्धा होऊन बसली.

टीकाकारांनी याबद्दल तिला पुष्कळदा दोष दिला आहे. कवीच्या शब्दांचा अर्थ बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे तत्त्व म्हणून मान्यच केले पाहिजे. तथापि येथे एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. वृत्तपत्राने तिच्या वतीने लिहिले होते, राज्याने लिहिले होते, कवींनीही लिहिले होते. तिला स्वतःला मिळाली ती ६६ अक्षरे. त्या ६६ अक्षरांत तिने स्वतःला जगता येईल असे एक वाक्य तयार केले. मुलाचे सत्य त्याच्या पुस्तकात शाबूत आहे आणि आईचे सत्य दगडावर आहे. ही दोन्ही सत्ये परस्परांशी जुळत नाहीत, आणि ती तशीच राहू देणे हेच स्मरणाच्या बाबतीत प्रामाणिकपणाचे ठरेल. जर्मनीत केटे कोल्विट्झ या शिल्पकर्तीने आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला सैन्यात जाऊ द्यावे म्हणून स्वतःच पतीचे मन वळविले होते. तो ऑक्टोबर १९१४ मध्ये मारला गेला. त्याच्या स्मारकातील शोकमग्न मातापित्यांची शिल्पे पुरी करून दफनभूमीत बसवावयास तिला १९३२ साल उजाडले. तेथेही अभिमान आणि अपराध यांचा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही.

बसऱ्याची भिंत

सुझन ओवेनला निदान ६६ अक्षरे तरी मिळाली. त्याच युद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसे परदेशी रणांगणांवर गेली आणि ७४,००० हून अधिक परत आली नाहीत. त्यांच्या मातांच्या वाट्याला काय आले?

वाङ्मयात पाहावे तर सरोजिनी नायडू यांची ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ ही १९१५ मधील कविता आठवते. हैदराबाद येथील स्त्रियांच्या युद्धसाहाय्य संस्थेच्या निमित्ताने ती लिहिली गेली. तीत बोलणारी माता म्हणजे खुद्द भारतभूमी. आपले पुत्र परक्या मातीत विखुरले गेल्याचे ती सांगते आणि त्यांच्या बलिदानाचे स्मरण ठेवा असे जगाला बजावते. त्या काळात एका स्त्रीने हे बोलावे यात धैर्य होते आणि राजकीय जाणही होती. परंतु या रूपकाची एक मर्यादा आहे. देश माता झाला की प्रत्यक्ष माता रूपकाआड जाते. भारतमाता इंग्रजी छंदात बोलू लागली. सातारा जिल्ह्यातील अथवा पंजाबातील ज्या बाईचा मुलगा मेला होता, ती मात्र गावातील पत्रलेखकापुढे बसून दुसऱ्याच्या हाताने दोन ओळी लिहवून घेत होती. त्या ओळीही अभ्यवेक्षकाच्या डोळ्यांखालून जात. भारतीय सैनिकांच्या टपालातून अभ्यवेक्षकांनी काढलेल्या उताऱ्यांतून डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ मध्ये ६५७ पत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक सैनिकांची आहेत. घरून गेलेली थोडी आहेत. आईचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो असा तिहेरी गाळणीतून.

मराठी मुलखाशी याचा संबंध दूरचा नाही. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे, डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी ही फौज शरण गेली आणि उपासमार, आजार व कैद यांत असंख्य माणसे नाहीशी झाली. मेसोपोटेमियातील ज्यांना ज्ञात थडगे नाही अशा ४०,००० हून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि मृतांची संख्या एवढ्यावरच भागविण्यात आले. अधिकारी आणि शिपाई यांत भेद करावयाचा नाही, या ज्या तत्त्वासाठी आयोगाने लेडी सेसिलसारख्या मातेला नकार दिला होता, ते तत्त्व सुवेझच्या पूर्वेस येताच विरघळले.

येथे कोणी खर्चाचे कारण पुढे करील. तेही तपासून पाहावे. युद्धपूर्व काळात भारतीय शिपायाचा मूळ पगार दरमहा ११ रुपये होता आणि एका पौंडाचे १५ रुपये होत. इंग्लंडमधील आईकडून थडग्यावरील पूर्ण मजकुरासाठी जी रक्कम मागितली गेली, ती या शिपायाच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती. तेव्हा ती रक्कम भारतीय मातेला परवडली नसती, हे उघड आहे. पण तिला ते मूल्य कोणी विचारलेच नाही, आणि नाव कोरण्याला मूल्य नव्हतेच. मुलाच्या नावाशी आईचा काही संबंध असू शकतो, हेच मुळात गृहीत धरले गेले नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये खुद्द त्या आयोगानेच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः आशिया आणि आफ्रिकेतील लोकांचे, स्मरण विषम रीतीने झाले. आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावाने नोंदच झाली नाही, अशी कबुली त्यात आहे. आयोगाने आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी क्षमा मागितली. एका शतकानंतर मागितलेली क्षमा ज्या मातांना उद्देशून होती, त्यांतील एकही ती ऐकावयास हयात नव्हती.

महाराष्ट्रातील काही गावांत आजही त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने त्या एकाच युद्धात ४६ माणसे गमावली. पाटीवर संख्या असते. नावे गावाने तोंडी जपावयाची. आता ज्यांच्या तोंडी ती होती ती पिढी गेली आणि तिच्याकडून ऐकलेली पिढीही ओसरत चालली आहे.

स्मरणाचे दायित्व

स्वतंत्र भारताने या बाबतीत काही पावले निश्चितच पुढे टाकली आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धात सैनिकांचे देह त्यांच्या गावी पोहोचविण्याची व्यवस्था झाली. दिल्ली येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्योत्तर काळातील सुमारे २६,००० जवानांची नावे कोरली गेली. संख्येकडून नावाकडे झालेला हा प्रवास समाधानकारक आहे.

परंतु नाव कोरले म्हणजे आईचे बोलणे ऐकले, असे होत नाही. गावात तिरंग्यात लपेटलेला देह येतो तेव्हा पहिला कॅमेरा आईकडे वळतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो अभिमानाचा. दुसरा मुलगाही सैन्यात धाडीन, असे ती म्हणाली तर ते मथळ्यात येते. ती नुसतीच रडली अथवा तिने काही विचारले, तर तेवढा भाग गाळला जातो. १९१६ मधील ‘छोट्या आई’चे पत्र याच रीतीने आजही दर युद्धात नव्याने लिहून घेतले जात आहे. महाश्वेतादेवींनी १९७४ मध्ये ‘हजार चुराशीर मा’ लिहिली, ती रणांगणाबाहेरच्या हिंसेची कथा होती. पण तिचे शीर्षक राज्यसंस्थेच्या वहीवर नेमके बोट ठेवते. १०८४ हा एका प्रेताचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाची कोणीतरी आई आहे.

युद्धकवितेने या बाबतीत काय साधले, असा हिशेब मांडला तर उत्तर संमिश्र येते. तिने युद्धे थांबविली नाहीत. मातेचा आवाज तिनेही अनेकदा उसना घेतला. पण संख्येचे पुन्हा नाव करण्याची सवय तिने समाजाला लावली, आणि ही सवय कोणत्याही आयोगाच्या आधीची आहे. ती सवय केवळ कवींच्या हवाली करून चालणार नाही. बसऱ्याच्या भिंतीवर न कोरलेल्या नावांच्या नोंदवह्या आता आयोगाने खुल्या केल्या आहेत. त्यांतील पलटणींची नावे आणि गावोगावच्या पाट्या एकमेकींशी ताडून पाहणे, ज्या घरांत जुनी पदके, निवृत्तिवेतनाचे कागद अथवा आजीने सांगितलेली एखादी आठवण शिल्लक आहे तेथे जाऊन ती टिपून घेणे, हे काम फार खर्चाचे नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी येथील महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि गावच्या शाळांतील शिक्षक ते दोन-तीन वर्षांत पुरे करू शकतील. त्यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अपशिंग्यातील ४६ हा आकडा शंभराहून अधिक वर्षे दगडावर आहे. त्यामागे ४६ माता होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही अक्षरामागे साडेतीन पेन्स मागण्यात आले नव्हते. कारण त्यांच्याजवळ लिहिण्याजोगे काही असेल, असे कोणाला वाटलेच नव्हते. निदान त्यांच्या मुलांची नावे तरी आता त्या आकड्याखाली लिहिली गेली पाहिजेत.